सोलायचे राहिलेले वाल

माघी चतुर्थीला पालीच्या गणपतीला पायी जाणारी माणसं पेणकडून येतात, रोह्याकडूनही येतात, आणि नागोठण्याच्या पुढे एका रस्त्याला लागतात. त्या रस्त्यावर माझं माहेर. चतुर्थीला उपास, म्हणून आदल्या दिवशी आमच्याकडे चालणाऱ्यांना जेवण असे: तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, भात. आईचा एकच दंडक होता. ओटीवर येईल त्याला पान वाढायचं. नाव, गाव, जात, काही म्हणजे काही विचारायचं नाही. या दंडकाचा आम्हाला फार अभिमान. मी तर पेणच्या शाळेत मुलांनाही तो सांगायचे आणि कौतुक करून घ्यायचे.

बिरडं खायला पाच मिनिटं, करायला दोन दिवस. वाल भिजवा, फडक्यात बांधून मोड आणा, मग कोमट पाण्यात टाकून एकेक सोला. सोलायला डोंगराखालच्या वाडीवरची एक बाई येई, माझ्याहून थोडी मोठी. ती मागच्या पडवीत बसे. माझा एक वाल सोलून होईपर्यंत तिचे दहा होत. "तुझ्या हाताला निस्ता खडू लागलेला हाय गो बाय, तुला नाय जमायचं," म्हणून हसायची. तिचं जेवण पडवीतच, वेगळ्या ताटलीत. हे कुणी ठरवलं होतं, मला माहीत नाही. मी कधी विचारलंही नाही.

आईने अंथरूण धरलं त्या वर्षी वाढण्याचं सगळं माझ्यावर आलं. नेमकी ती सोलायला आली नव्हती. शेजारणींना हाताशी धरून कसेबसे अर्धे वाल सोलले. पहिली पंगत बसली, भाकऱ्या वाढत मी टोकाला पोचले, तर शेवटच्या पानावर ती. धुतलेलं हिरवं लुगडं, कपाळाला शेंदूर, पाय धुळीने पांढरे. मला इतका आनंद झाला!

"अगो, होतीस कुठे? आणि इथे काय बसलीस? दुसऱ्या पंगतीचे वाल सोलायचे राहिलेत. चल, मागे चल लवकर."

ती उठली. पडवीत गेली, पदर खोचला आणि घमेलंभर वाल सोलून दिले. तिची ताटली मी भरून ठेवली, ती नेऊन द्यायला मात्र विसरले. दुपारी पाहिलं तर सालं एका बाजूला लोटलेली आणि ती निघून गेलेली. मला तिचा रागच आला. सांगून जायला काय झालं होतं?

चार दिवसांनी शेजारणीकडून कळलं. तिची मुलगी आजारी होती, किडन्या निकामी होत चालल्या होत्या. मुलीसाठी तिने पालीला चालत जायचा नवस बोलला होता. घरून काही न्यायचं नाही, वाटेत कुणी पंगतीला बसवून वाढेल तेवढंच खायचं. ती आमच्या घराच्या भरवशावर निघाली होती, आणि उपाशीच पालीला पोचली.

मी लगेच जायला हवं होतं. गेले नाही. लाज वाटत होती, आणि परीक्षा, पेपर अशी कारणं हाताशी होतीच. गेले ते मुलगी गेल्याचं कळल्यावर, उन्हाळा संपता संपता. एका जेवणावाचून पोर गेली नाही, एवढं मला कळतं. विज्ञान शिकवते मी. तरी वाडीच्या वाटेवरून दोनदा परत फिरले, आणि पुन्हा निघाले.

ती दारातच बसली होती. मी समोर जमिनीवर बसले, माफी मागायला तोंड उघडलं, तर तिनेच माझा हात धरला.

"बाय, माझंच चुकलं. तू मागं चल म्हनालीस, तवाच सांगाया पायजे व्हतं, आज मी कामाला नाय आलेय, पोरीसाठी चाललेय. पन तू हाक मारलीस आन् मी पानावरनं उठले. नवस माझ्याच हातनं मोडला गो."

मी नाही, नाही म्हणत राहिले. तिला ते पटलं नाही.