खालच्या खाचरातलं वळण

रविवारी सकाळी शेण काढायला गोठ्यात गेले तर पोत्याखालची मोटारसायकल गायब. टोपलीत हेडलाइट, दोन आरसे आणि नंबरप्लेट तेवढी पडलेली. गाडी माझ्या नवऱ्याची. तीन वर्षांपूर्वी हायवेवर ट्रकने त्याला उडवलं. तो गेला, गाडीचं नुसतं हँडल वाकलं. तेव्हापासून तिला हात लावायचा नाही असं घरात सांगून ठेवलं होतं. घरात म्हणजे मी आणि माझी मुलगी रेश्मा. बावीस वर्षांची, आसनगावच्या बाजूला गोदामात पॅकिंगला. सहा महिने दर रविवारी ओव्हरटाइम आहे म्हणून जायची.

शेजारच्या वैनीला विचारलं तर तिने आधी दार लोटून घेतलं. मग म्हणाली, "मुरबाडला गेलीय गो. मातीतली रेस हाय. टेम्पोत घालून नेली गाडी. मी सांगितलं म्हणू नको."

मी चप्पल घातली. तिला ओढून घरी आणायचं, एवढाच माझ्या प्रवासाचा बेत.

तुम्हाला ही रेस बघायला जायचं असेल तर माझ्यासारखं उशिरा निघू नका. उंबरमाळीहून लोकलने आसनगाव, तिथून रिक्षाने शहापूर, मग मुरबाडची एस.टी. मुरबाडला रेल्वे नाही, त्यामुळे एस.टी. चुकली की जीप भरेपर्यंत बसायचं. माझी चुकली.

"चल ना रे, कोणाची वाट बघतोस?"

"दोन शिटा बाकी हायत, मावशी."

"माझ्या डोक्यावर बसव त्यांना."

"तुमी एकट्याच दोन शिटांच्या हाय, तुमच्याच धरू का?"

सगळी जीप हसली. "धर," मी म्हटलं. "दोन भाडी घे, पण हाल." हलला.

रस्ता मधेमधे खणलेला आहे, तोंडाला फडकं बांधा. मुरबाडहून सिद्धगडाच्या अंगाला जाणारी दुसरी जीप पकडावी लागते. डोंगर जवळ येतो आणि डाव्या हाताला धुळीचा ढग दिसतो, तिथे उतरा. तिकीट नाही. सावली नाही. वडापाव मिळतो, पाणी घरून न्या. बायांनी लक्षात ठेवा, संडासाची काही सोय नाही. मी वाडीतल्या एका घरी विचारलं, त्या बाईने नाव न विचारता टमरेल दिलं.

भात कापून मोकळी झालेली खाचरं. जेसीबीने बांध फोडून रस्ता केलेला, मातीचे उंचवटे केलेले, त्यावरून गाड्या उडत होत्या. तो आवाज कानाला नाही, बरगडीला लागतो. मला त्याचा राग आला.

रेश्मा गाड्यांच्या घोळक्यात सापडली. गुडघ्याला पॅड, डोक्याला कोणाचं तरी हेल्मेट.

"घरी चल."

"दीड वाजता माझी रेस हाय. मग येते."

"बापाची गाडी हाय ती."

"म्हणून तर."

"मर मग," मी म्हटलं. असंच म्हटलं, आता गोड करून सांगत नाही.

जाऊन खालच्या खाचराच्या बांधावर बसले. तिथे वळण होतं आणि पिवळा झेंडा घेतलेला गावातला एक म्हातारा उभा होता.

"पडला तर उचलतात का?" मी विचारलं.

"लागलं तर आमची माणसं हायत. पन बाहेरच्यानं गाडीला हात लावला की चालवनारा बाद. मागं आमच्या सरपंचानं भाच्याची गाडी उचलली. भाचा अजून बोलत नाय त्याच्याशी."

पहिली रेस सुटली. सगळे त्या वळणावर आतून, जवळून घ्यायचे आणि तिथेच रुतायचे. मला कारण लगेच दिसलं. बाकी सगळीकडे गवत वाळलेलं, आणि त्या कोपऱ्यात बांधाच्या पायथ्याला हिरवं. वरच्या खाचराचं पाणी बांधाखालून झिरपत होतं. वर कडक पापडी, खाली लोणी. भात लावणाऱ्या कुठल्याही बाईला दिसलं असतं.

एक लाल शर्टवाला येत होता. मी कधी उभी राहिले मलाच कळलं नाही. "बाहेरून काढ रे! आत पोकळ हाय!" त्याने काढली. दोघांना मागे टाकून गेला. म्हातारा म्हणाला, "काकी, तुमचा कोण?"

"कोणी नाय," मी म्हटलं. नवरा गेल्यापासून अंगात असं काही उठलं नव्हतं.

दीडला वेळ होता. रेश्मा दोनशे पावलांवर उभी होती. मी जाऊन सांगू शकले असते. गेले नाही. रुतेल, हरेल, खोड मोडेल, आपोआप घरी येईल, असा विचार केला. अनोळखी पोराला ओरडून सांगितलं आणि पोटच्या पोरीला नाही.

तिच्या रेसला बारा जण सुटले. दुसऱ्या फेरीला त्याच वळणावर तिने एकाला मागे टाकायला आतून घेतलं. पुढचं चाक रुतलं. ती पडली, गाडी डाव्या पायावर.

मी बांधावरून उडी मारली. हात कॅरिअरपर्यंत गेला.

"आई, हात नको लावू!"

तिचं पाऊल जसं असायला पाहिजे तसं नव्हतं. हात लावला की सगळं तिथेच संपत होतं. मला तेच तर पाहिजे होतं. मी हात मागे घेतला. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. तिने पाय ओढून काढला, दात खाऊन गाडी उभी केली.

"बाहेरून काढ," मी म्हटलं. "आतून ओलं हाय."

तिने माझ्याकडे बघितलं. एकदाच. मग किक मारली.

गिअरचा पाय तोच, त्यामुळे उरलेल्या फेऱ्या एकाच गिअरवर मारल्या. नववी आली. थांबल्यावर उतरता येईना, गाडीसकट आडवी झाली. त्याच टेम्पोत तिला आडवं घालून मुरबाडला नेलं, तिथून कल्याणला. घोट्यात स्टीलची पट्टी बसवली. पाऊल आता अर्धंच वाकतं. आठ तास उभं राहायचं काम गेलं. गाडी ती पुन्हा चालवेल असं डॉक्टरला वाटत नाही, आणि मलाही नाही.

याला सव्वा वर्ष झालं. तेव्हापासून आसपासची एकही रेस मी सोडलेली नाही. उजाडता पोचते, चप्पल काढून अख्खा रस्ता चालते. कुठे पापडी, कुठे मुरूम, कुठे पाणी, ते पायाला कळतं. रेसवाली पोरं वाट बघत असतात, काकी काय सांगते. मरेपर्यंत जाणार. आवड तिची होती, लागली मला. परत आल्यावर ती एकेक वळण खोदून खोदून विचारते आणि मी सांगते. पण हिरव्या गवताचं कधी सांगितलं नाही, आणि तिनेही त्या दिवसाचं कधी विचारलं नाही.

मी चौथी शिकले. फोनला बोलून हे लिहिते, वाचून, नीट करून नेटवर टाकायचं काम रेश्माचं. ती आता पडवीत बसलीय, पाय स्टुलावर. फोन तिच्या हातात देते.