बैल, विहीर, चावी

आमच्या मालकांना विसरण्याचा आजार आहे, हे कळायला डॉक्टर लागला नाही. स्वतःच्याच भातखाचरात उभं राहून हे कुणाचं म्हणून विचारायला लागले, तेव्हाच कळलं. या आजाराचा अभ्यास करणारी एक मुलगी पुण्याहून आमच्या गावात यायची. वेल्ह्यापर्यंत एसटी, पुढं मिळेल तो टेम्पो. शाळेच्या व्हरांड्यात सतरंजी टाकून म्हाताऱ्यांना प्रश्न विचारायची. आज वार कोणता, महिना कोणता. मग तीन शब्द सांगायची, बैल, विहीर, चावी, आणि थोडं इकडचं तिकडचं बोलून तेच परत विचारायची. पहिल्या वर्षी मालकांना एकही आठवला नाही. चावी तिनं आपण होऊन सुचवली, तर माझ्याकडं बोट दाखवून म्हणाले, "हिच्याकडं असंल. माझ्याकडं कवा दिलीया?"

पुढच्या वर्षी येण्याआधी तिचा फोन आला. बोलता बोलता म्हणाली, "आजी, माझं काम दिवाळीपर्यंतच आहे. तुमच्या गावाचा निकाल बघून वरचे लोक ठरवणार, पुढं पैसे द्यायचे की नाही."

मला वाटायचं, ती पगारी सरकारी बाई. एवढा मोठा आजार, आणि त्याच्या मागं लागलेली ही पोरगी सालगड्यासारखी वर्षाच्या बोलीवर. मी फोन ठेवला तरी डोक्यातून ते जाईना.

मी चौथी शिकले. आमच्या वेळी तपासणीचे साहेब यायचे, तेव्हा गुरुजी आठ दिवस आधीपासून उत्तरं घोकून घ्यायचे. पोरं चुकली की गुरुजींवर यायचं. निकाल म्हटल्यावर मला तेवढंच ठाऊक. पोरगी चांगली होती, तिचं काम जाऊ नये म्हणून मी शेजारणींना गोळा केलं. प्रश्न आम्हाला पाठच होते. घरोघरी घोकणं सुरू झालं. मी गाईची धार काढताना मालकांना शेजारी बसवून म्हणवून घ्यायचे.

एक शेजारीण म्हणाली, "आमचं म्हातारं बैल म्हणतंय आन हंबरतंय. चालंल का?"

"विहीर म्हणून उडी तर मारत न्हाई ना? मग चालंल."

ती आली त्या दिवशी मंगळवार होता. मालकांनी प्रश्न पुरा होऊ दिला नाही. "मंगळवार. बैल, विहीर, चावी." मागं आम्ही बायका खूश. तीन-चार म्हातारे असेच झाल्यावर तिनं पेन खाली ठेवलं.

"आजी, हे कुणी शिकवलं?"

"म्या. का? पास न्हाई झाले व्हय?"

ती म्हणाली, "वर्षभरात आजार किती वाढला, ते मला बघायचं होतं."

"म्हंजी आमची म्हातारी माणसं बिघडली, तरच तुझं काम ऱ्हाणार?"

तिनं मान खाली घातली. "बिघडतायत हे खरं आहे ना, आजी? ते दिसलं तर पुढं काही करता येईल."

आमच्या माणसांचं बिघडणं कुणाच्या उपयोगी पडणार होतं, हे माझ्या मनातच आलं नव्हतं. शेवटी म्हटलं, "म्या शिकवलं हे लिहू नको. हितं कोण बघाया येतंय?"

"मला लिहावं लागेल," ती म्हणाली, आणि माझ्यासमोर बसून तिनं ते लिहिलं. लपवलं असतं तर निकाल वाया गेला हे वरच्यांना कळलंही नसतं, तरी लिहिलं. मी बघतच राहिले.

परत तपासायला तिनं मुदत मागितली. मिळाली नाही. पैसे बंद झाले. ती आता एका कॉलेजात शिकवते. "तुमच्यामुळं नाही, आजी," असं म्हणाली. मला ते पटत नाही. तिच्या जागी दुसरं कुणी आलं नाही.

मालक आता विहिरीची वाट विसरले. बैल केव्हाच विकला, तरी त्याला वैरण टाका म्हणतात. चावी म्हणजे काय, हे हातात दिली तरी सांगता येत नाही. पण मी धारेला बसले की मागून आवाज येतो. बैल, विहीर, चावी. ओळीनं, एकही चुकत नाही. सगळं गेलं आणि घोकलेलं तेवढंच कसं राहिलं, हे मी तिला फोन करून विचारलं. तिच्या मागं वर्गातल्या पोरांचा गलका चालला होता.

ती म्हणाली, "आजी, हेच तपासायला पाहिजे होतं." मग तिचा तास सुरू झाला.