ताबेदार म्हणजे कोण

अप्पा हायस्कुलात संस्कृत शिकवत, पण त्यांचा जीव मराठी शब्दांत गुंतलेला. कुंभकोणमात उंबऱ्याबाहेर सगळं तमिळ; पिढ्यान्‌पिढ्या जपलेली आमची मराठी घरातच. म्हणून जेवताना एखादा शब्द घेऊन ते त्याचं मूळ सांगत. मी तेव्हा दहा वर्षांची होते.

अप्पांची थोरली बहीण, माझी आत्या, विधवा होऊन आमच्याकडेच राहत होती. शेजारच्या मुलींना ती शिवण शिकवी. त्या पावसाळ्यात मुलींच्या शाळेत तिला शिवण शिकवण्याचं काम मिळायचं ठरलं होतं. तेवढ्यात तिरुविसनल्लूर गावाहून तिच्या दिराचं पत्र आलं. त्याची बायको वारली होती, मुलं लहान, चुलीपाशी कुणी नव्हतं. ‘वहिनींस आमच्या ताब्यात द्यावे,’ असं त्यानं लिहिलं होतं.

अप्पांनी पत्र वाचून दाखवलं आणि सवयीनं म्हणाले, “ताबा अरबी शब्द. मुळात अर्थ, मागून चालणारा. आपण मात्र तो शब्द धरून ठेवणाऱ्याला दिला.”

आत्या ताक वाढत होती. तिनं विचारलं, “मग ताबेदार म्हणजे? जमीन ज्याची तो जमीनदार. ताबा ज्याचा तो ताबेदार, असंच ना?”

“नाही अक्का. ताबेदार म्हणजे चाकर. तिथे जुना अर्थ राहिला.”

“असं होय,” आत्या म्हणाली. ताक वाढून झाल्यावर तिनं विचारलं, “शाळेत काय सांगू?”

अप्पा भात कालवत राहिले. “त्यांचं घर ते तुझं घर. मला नाही म्हणता यायचं नाही.”

“मला येतं. म्हणू का?”

आईनं मान वर केली. अप्पांनी मीठ मागितलं. आत्यानं ते वाढलं.

आठवड्याभरात दीर तिला न्यायला आला. शिवणाची कात्री तिनं मला दिली आणि सांगितलं, “गंजू देऊ नकोस.”

दिवाळीनंतर अप्पा मला घेऊन तिला भेटायला गेले. ती निम्मी झाली होती. मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचा डाग होता. दीर समोरच बसून होता. अप्पांनी विचारलं, “बरं आहे ना अक्का?” तिनं दिराकडे पाहून सांगितलं, “बरं आहे.” निघताना तिनं माझा हात धरला, तो अप्पांनी हाक मारेपर्यंत सोडला नाही.

घरी येताच अप्पांनी पत्र लिहिलं, बहिणीला महिनाभर विश्रांतीसाठी पाठवा म्हणून. उत्तर दोन ओळींचं होतं: मुलांचे हाल होतील, सवड नाही. आई म्हणाली, “तुम्ही जाऊन घेऊन या.” अप्पा म्हणाले, “उन्हाळ्याची सुट्टी लागू दे.”

माघात ती तापानं गेली. निरोप आला तेव्हा सगळं उरकलं होतं.

तेराव्यानंतर ओसरीवर बसून अप्पा आईला म्हणाले, “मी जाऊन आणायला हवं होतं.”

मला वाटलं, आई त्यांची समजूत घालेल. ती नेहमी घालायची. ती तांदूळ निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, “हो. हवं होतं.”

त्यानंतर आमच्या घरी जेवणं मुकाट्यानं होऊ लागली.