उभ्या ठेवलेल्या चार ओळी

उपटलेल्या ज्वारीच्या मुळांना लागलेल्या काळ्या मातीचा ओलसर, किंचित कडवट वास माघाच्या उन्हात पसरला होता आणि त्या वासातच ते हरणाचे पाडस निपचित पडून होते. डोळे टक्क उघडे, कान मानेला चिकटलेले. नाकावर माशी बसली तरी हालचाल नाही. कर्जतकडच्या आमच्या शिवारात हरणांचे कळप नवे नाहीत, पण इतके कोवळे, एकटे पिल्लू मी प्रथमच पाहत होते.

काढणीच्या बायांना त्याचे नवल नव्हते. त्यांची रीत ठरलेली: पाडस दिसले की त्याच्याभोवतीच्या चार ओळी उभ्या ठेवायच्या आणि पुढे सरकायचे. मला मात्र राहवेना. जन्मभर शाळेत दुसऱ्यांची पोरे सांभाळली, पण माझा स्वभाव धास्तीचा तो धास्तीचाच. लेक नाशिकला शिकायला गेल्यापासून मी तिला दिवसातून पाच वेळा फोन करते. तिने उचलला नाही तर तिच्या मैत्रिणींना करते. असल्या जिवाला ते पोरके पिल्लू उन्हात कसे बघवणार? बाया पाणी प्यायला गेल्या, तेवढ्यात मी त्याला पदरात उचलून बांधावरच्या बाभळीखाली नेले. त्याचे काळीज माझ्या तळव्याखाली असे धडधडत होते की मीच घाबरले.

बायांमधली वडीलधारी कौसाबाई लगबगीने आली.

"बाई, काय केलं हो हे? त्याची आय टाकून न्हाई गेली, लपवून गेलीय. ती जवळ ऱ्हायली तर लांडग्याला वास लागतो. हुतं तिथं ठिवा."

मी ठेवले. पण माझ्या हातांचा वास आता त्याच्या अंगावर होता, तो कसा पुसणार? वात्सल्य म्हणजे कवटाळणे, एवढेच मी आजवर जाणले होते. आणि ही मुकी हरणी, कास दुधाने तटतटलेली असताना, लेकराच्या रक्षणासाठी त्याच्यापासून दूर उभी राहत होती. आसक्तीवर मी कितीतरी प्रवचने ऐकली, माना डोलावल्या. पण प्रेमाला असे चार पावले मागे सरता येते, हे मला कुणी दाखवले नव्हते.

उन्हे कलली तेव्हा ती माळावर दिसली. दोन पावले आली, थबकली. तिची नजर ज्वारीकडे नव्हती, माझ्याकडे होती.

"तुमी हितनं हला आता," कौसाबाई हळूच म्हणाली. "तुमी हाय तवर ती यायची न्हाई."

मी पाठ फिरवली. घरापर्यंतची ती वाट मला फार लांब वाटली. मागे पाहायला मान सारखी वळू पाहत होती.

सकाळी गेले तर त्या चार ओळींत कुणी नव्हते. रक्त नव्हते, खुरांची खूणही नव्हती. कौसाबाईने वाकून माती पाहिली आणि ती पुढच्या ओळीला लागली. आईने नेले की आणखी कुणी, हे मला आता कधीच कळायचे नाही. हरणी हे न कळणे रोज सोसते. मला एक रात्र सोसवली नव्हती.