मी नसलो तरी चाललं पायजे

कोणी शिकाऊ माणूस संगणकासमोर बसला की अण्णा शेजारच्या खुर्चीवर बसायचे आणि स्वतःचे दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवायचे. समोरचा चुकतोय हे त्यांना दिसत असायचं, खांदे अस्वस्थ हलत असायचे, पण हात काही बाहेर यायचे नाहीत. "मी नसलो तरी चाललं पायजे," म्हणायचे. "मी हात लावला तर तुला कसं येणार?" निपाणीजवळच्या आमच्या दूध डेअरीत हे वाक्य इतकं मुरलं होतं की कॅन्टीनवालासुद्धा नव्या माणसाला चहाचं आधण ठेवायला सांगून तेच ऐकवायचा.

तुमच्याही कचेरीत असा एक माणूस असेल. तो नेमकं काय करतो हे कोणाला सांगता येत नाही, पण पडद्यावर काही अडलं की सगळे त्याच्याच नावानं ओरडतात. आमच्याकडं ते अण्णा. डेअरीतले सगळे सर्व्हर त्यांच्या ताब्यात. मी शेजारच्या प्रयोगशाळेत, दुधाचं फॅट बघणारी. उन्हाळ्यात त्यांच्या खोलीतला गारवा थोडा आपल्यालाही मिळावा म्हणून मी काहीतरी निमित्त काढून तिथं जायचे. ते ओळखायचे. "या आक्का, आज तुमचा कुठला संगणक आजारी पडला?" असं विचारून खुर्ची पुढं सरकवायचे.

संध्याकाळचा भोंगा झाला की फाटकाबाहेरच्या कडुनिंबाखाली त्यांचे थोरले भाऊ येऊन उभे राहायचे. त्यांना आम्ही सगळेच दादा म्हणायचो. वय पन्नाशीच्या पुढं, समज चार-पाच वर्षांच्या पोराची. आई गेल्यापासून अण्णांच्या हातचा घास सोडून दुसऱ्या कुणाचा खात नसत. डेअरीचा भोंगा त्यांच्या घरापर्यंत ऐकू जायचा. तो वाजला की दादा चपला घालून निघायचे, आणि अण्णा फाटकातून बाहेर आले की काही न बोलता हात पुढं करायचे. तो हात पिशवीसाठी असायचा. थोरला मी, ओझं मी उचलणार, एवढं मात्र त्यांना पक्कं समजलेलं होतं. डब्याची पिशवी दिल्याशिवाय ते अण्णांना पाऊल टाकू देत नसत.

अण्णांना पुण्याहून, बंगळूरहून बोलावणी आली होती. एकदा मी विचारलंच, का गेला नाहीत म्हणून. "पुण्याला मला न्यायला कोण येणार?" म्हणाले आणि हसले. लग्नही त्यांनी केलं नव्हतं. त्याबद्दल मात्र कोणी विचारलं नाही.

पूर्वी त्या खोलीत नऊ सर्व्हर होते. एक दूध घ्यायचा, एक बिलांचा, एक पगाराचा, एक शीतगृहाचा, असे नऊ. एका एप्रिलात पहाटे त्यातला दूध घ्यायचा सर्व्हर मेला. सदलगा, बोरगाव, सगळीकडच्या गाड्या फाटकात उभ्या राहिल्या. कोणाचं किती दूध, फॅट किती, हे नोंदल्याशिवाय कॅन रिकामा करता येत नव्हता, आणि वहीवर घ्यायला परवानगी देणारा साहेब फोन उचलत नव्हता. अण्णा धावत आले, पण यंत्राचा आतला भागच जळाला होता. दूध उन्हात नासलं. शेवटी ते नाल्यात ओतावं लागलं. नाल्याच्या कडेला अण्णा उभे होते, शेवटचा कॅन ओतेपर्यंत. मी नासल्याचा दाखला लिहीत होते. त्या वासाची आठवण आली की आजही मला जेवण जात नाही.

त्यानंतर मालकांच्या मागं लागून त्यांनी दोन दणकट यंत्रं आणवली आणि नऊच्या नऊ सर्व्हर त्या दोन्हींत बसवले. मला काही केल्या समजेना. पेटी दिसत नाही आणि सर्व्हर आहे म्हणता, म्हणजे भुताटकी झाली की. तेव्हा त्यांनी मला समजेल अशा भाषेत सांगितलं. "आक्का, नऊ भावांची नऊ घरं हुती. निम्म्या खोल्या रिकाम्या, पण दिवे सगळीकडं चालू. आता एकच मोठं घर बांधलं. परत्येकाची चूल वेगळी, दार वेगळं. परत्येकाला वाटतंय, घर माझ्या एकट्याचं हाय." कोणाला किती जागा, किती मेमरी, याला ते वाटणी म्हणायचे. महिनाअखेरीला बिलाच्या सर्व्हरनं दम टाकला की पगाराच्या वाट्यातली थोडी काढून त्याला द्यायचे. "भावाभावांत एवढं चालतंय," म्हणायचे.

"आणि हे घरच पडलं तर?" मी विचारलं.

"म्हणून तर दुसरं बांधलंय. बघा आता."

मी माझ्या पडद्यावर फॅटचे आकडे भरत बसले आणि त्यांनी तेच आकडे घेणारा चालू सर्व्हर एका यंत्रातून उचलून दुसऱ्यात नेला. माझा एक आकडाही अडला नाही. "नेला बघा," ते म्हणाले. "झोपंत लेकरू उचलून आतल्या खोलीत न्यावं तसा. कळलंसुदीक न्हाय त्याला." इतका खूश झालेला माणूस मी फार कमी वेळा पाहिला आहे.

मग व्हायचं ते झालं. नऊ यंत्रांना तीन माणसं लागत होती, दोन यंत्रांना एकच पुरू लागला. हाताखालचे दोघे गोदामात गेले. नंतर धाकट्या मालकांना कोणी सांगितलं की अशी यंत्रं हल्ली बंगळूरला बसून सांभाळता येतात, एक माणूससुद्धा इथं लागत नाही. ते काही दुष्ट नव्हते. अण्णांना केबिनमध्ये बसवून, स्वतः उठून पाणी देऊन त्यांनी सांगितलं, "अण्णा, तुम्हीच म्हणत होता न्हवं, मी नसलो तरी चाललं पायजे?" अण्णा "व्हय" म्हणाले. दुसरं काय म्हणणार? स्वतःचंच वाक्य होतं.

बंगळूरच्या मंडळींना सगळं शिकवून द्यायचं काम अण्णांवरच आलं. आमच्यातल्या प्रत्येकानं त्यांना गाठून एकच सल्ला दिला, मीही दिला. "अण्णा, एखादी किल्ली आपल्याजवळ ठेवा. अडलं की झक मारत बोलावतील."

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी काहीतरी घाणेरडं बोलले होते. "आक्का, पहाटे सदलग्याची गाडी येती," ते म्हणाले. "नाल्यावर तुमी पण हुता की."

पडद्यावर बंगळूरची एक मुलगी असायची. हुशार होती, आणि अण्णांना सर म्हणायची. ती घाई करायला लागली की अण्णा कन्नडमध्ये "निधान, निधान" म्हणायचे, सावकाश. तिला त्यांनी काहीही शिकवायचं बाकी ठेवलं नाही. शेवटच्या दिवशी, दुपारचं दूध आटोपल्यावर, त्यांनी दोन्ही यंत्रं मुद्दाम पार बंद केली. खोलीतली घरघर थांबली. इतक्या वर्षांत ती खोली गप्प झालेली मी पहिल्यांदा ऐकली. मग ते खुर्चीत बसले, हात मांड्यांखाली घातले आणि तिला म्हणाले, आता तू उठव.

उठवायचा क्रम असतो. सगळ्यांना नावानिशी ओळखणारा एक सर्व्हर आधी लागतो, त्याला अण्णा म्हातारा म्हणायचे. तो उठल्याशिवाय बाकीच्यांना एकमेकांची ओळखच पटत नाही. मुलगी मध्येच एकदा अडली. पडद्यावर काहीच हलेना. मी अण्णांच्या पाठीमागं उभी होते. माझ्या मनात काय होतं ते सांगून टाकते, ते सर्व्हर उठू नयेत असं होतं. अण्णांच्या मानेवर घाम आला होता. हात मात्र तिथंच.

"म्हाताऱ्याला विचारलंस का?" त्यांनी कन्नडमध्ये एवढंच विचारलं. तिनं काहीतरी दुरुस्त केलं, आणि एकेक करून नऊही उठले. "आयतु सर," ती म्हणाली, "एल्ला बंतु." झालं, सगळं आलं. अण्णांनी हात काढले. तळवे पांढरेफटक पडले होते. ते बराच वेळ एकमेकांवर चोळत बसले आणि म्हणाले, "लई छान, पोरी."

शाल मिळाली, नारळ मिळाला. दादांनी फाटकाशी नारळाची पिशवी घेतली आणि दोघे गेले.

दुसऱ्या दिवशी भोंगा झाला आणि दादा कडुनिंबाखाली हजर. घरात अण्णा समोर बसलेले असताना ते भोंगा ऐकून उठले होते आणि अण्णांना न्यायला आले होते. अण्णा धापा टाकत मागून आले. पुढं हे रोजचंच झालं. दादा अण्णांना न्यायला यायचे, अण्णा दादांना न्यायला यायचे. अण्णा रिकामी पिशवी बरोबर आणायचे, फाटकापाशी वळून ती दादांच्या हातात द्यायचे, म्हणजे दादा घरी चलायला तयार व्हायचे. पहारेकरी तोंड फिरवून घ्यायचा.

आम्ही सगळे काहीतरी बिघडायची वाट बघत होतो. एकदा दोनांतलं एक यंत्र खरंच मेलं. दुसऱ्यानं नऊच्या नऊ उचलले. पहाटेचं दूध चालू होतं आणि आम्हाला पत्ताही लागला नाही, नवं यंत्र गाडीतून उतरलं तेव्हा कळलं. मी कडुनिंबाखाली अण्णांना सांगितलं. "एक तरी कॅन थांबला?" त्यांनी विचारलं. नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला, आणि तसाच उजळलेला असताना हळूहळू विझला. त्यांना आता कोणी बोलावणार नव्हतं. त्यांनी बांधलेलं घर पडणार नव्हतं.

निपाणीत त्यांच्या कामाचं काही नव्हतं. कॅमेरे बसवणाऱ्या दुकानात गेले, तिथं शिडीवर चढणारी पोरं हवी होती. शेवटी पुण्याला गेले. दादांना बरोबर नेलं. दादा तिथल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून बसले, भोंगा कुठून वाजतोय ते ऐकत. भोंगा वाजेना म्हणून रडायचे. परत आणून चुलतभावाच्या घरी ठेवावं लागलं. त्या घरच्या वहिनी चांगल्या होत्या, मी त्यांना दोष देणार नाही. पण दादा त्यांच्या हातचं खाईनात. मग अण्णा पुण्याहून फोनवर दिसायचे, ताट पुढ्यात घ्यायचे, स्वतः घास घ्यायचे आणि दादांना "आ कर रं" म्हणायचे. दादा आ करायचे. वहिनींचा हात पुढं आला की मिटायचे.

एकदा मी फोन केला, कसं चाललंय म्हणून. "दिसतंय सगळं आक्का," अण्णा म्हणाले. "समोर बसल्यागत दिसतंय. घास तेवढा जात न्हाय."

संध्याकाळी दादा फाटकाशी यायचे ते चुकलं नाही. फक्त त्यांना न्यायला कोणी येत नव्हतं. मी पिशवी पुढं करून बघितली. घेतली नाही. पहारेकरी हाताला धरून घरी पोचवून यायचा. दिवसेंदिवस सदरा अंगावर सैल होत गेला. दिवाळीनंतरच्या थंडीत ताप आला, आणि तापाशी झगडायला अंगात काहीच उरलं नव्हतं. अण्णा पुण्याहून निघाले ते पोचेपर्यंत दादा गेले होते.

दादांचे दिवस झाल्यावर एका संध्याकाळी भोंगा झाला आणि मी फाटकातून बाहेर पडले, तर कडुनिंबाखाली अण्णा उभे होते. दादा उभे राहायचे तिथंच, आमच्या दाराकडं तोंड करून.

"कधी आलात अण्णा?"

"दुपारीच आलतो."

"आत चला, चहा घेऊ."

"नको. कुणाकडं आलो न्हाय." त्यांनी माझ्या खांद्यावरून त्यांच्या जुन्या खोलीच्या खिडकीकडं पाहिलं. "चाललंय न्हवं?"

"चाललंय," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार होते?

त्यांनी मान हलवली. मग काही न बोलता हात पुढं केला. मला क्षणभर कळलं नाही, आणि कळलं तेव्हा डोळ्यांपुढचा रस्ता दिसेना. मी डब्याची पिशवी त्यांच्या हातात दिली. ते माझ्यापुढं चालत राहिले, दादांच्या चालीनं, थांब्यापर्यंत. मी वडापच्या जीपमध्ये बसले तेव्हा त्यांनी पिशवी आत माझ्या मांडीवर ठेवली.

पुण्याच्या कामावर ते परत गेलेच नाहीत, असं नंतर कळलं. घराला कुलूप आहे. ते कुठं आहेत हे चुलतभावालाही ठाऊक नाही. त्या संध्याकाळी माझी गाडी सुटली तेव्हा ते तिथंच उभे होते, आणि पिशवी दिल्यानंतरही त्यांनी तो हात अजून खाली घेतलेला नव्हता.