पहिल्या बाळंतपणाची खोली

आमच्या उज्जैनच्या घराचं लॉज होईल असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. संस्थानच्या चाकरीत इकडे आलेल्या कुणा पूर्वजानं बांधलेलं ते दुमजली घर. बाबाही संस्थानच्याच कचेरीत. स्वातंत्र्य आलं, पेढे वाटले, आणि वर्षभरात संस्थान मध्यभारतात विलीन होऊन बाबांचं खातंच गुंडाळलं गेलं. बाबा पेपर वाचत बसले. आईनं मात्र महाकालच्या यात्रेकरूंना दोन खोल्या उघडून दिल्या. दोनाच्या चार झाल्या, चाराच्या सात. दाराशी 'ठहरने की उत्तम व्यवस्था' अशी पाटी लागली आणि आम्ही आमच्याच घरात उपरे झालो.

मी तेव्हा शाळेत होते. आज माडीवर, उद्या कोठीघरात, परवा देवघराबाहेरच्या बोळात. आई खालून ओरडायची, सामान उचल, यात्री आ गए. पुस्तक कुठल्या खोलीत राहिलं ते शोधण्यातच माझा अर्धा अभ्यास व्हायचा. मी चिडायचे, भांडी आपटायचे. लग्न ठरलं तेव्हा आईला बजावलंच, एक दागिना कमी दे, पण पहिल्या बाळंतपणाला माडीवरची कोपऱ्यातली खोली माझी. आई हसून म्हणाली, दिली.

सातव्या महिन्यात इंदूरहून माहेरी आले, तर त्या खोलीला दुसऱ्यांचे पडदे. राज्यांची फेररचना झाली होती, राजधानी भोपाळला गेली होती आणि नागपूरकडचे कितीतरी कारकून बदलीवर इकडे फेकले गेले होते. त्यातलाच एक, बायको आणि तान्ह्या मुलीसकट, आमच्याकडे उतरला होता. क्वार्टर मिळेपर्यंत चार दिवस, असं आई म्हणाली. चाराचे चाळीस झाले. तेवढ्यात माझी ट्रंक तीनदा हलली. पाय सुजलेले आणि वर जिन्याची चढउतार. कुठंही पाठ टेकली की वाटायचं, आता उठवतील.

शेवटी माझं डोकं फिरलं. आई भाजी निवडत होती, तिला गाठून म्हटलं, त्यांना काढ. तिनं मान वर केली नाही.

"कुठं जातील गं ते? परक्या गावात, तान्हं लेकरू घेऊन."

"आणि मी कुठं जाऊ?"

मग मी सांगून टाकलं की उद्या टांगा बोलव, मी सासरीच बाळंत होते. पहिलं बाळंतपण सासरी म्हणजे आईची सगळ्या नात्यागोत्यात नाचक्की, हे मला चांगलं ठाऊक होतं. म्हणूनच तर म्हटलं.

सकाळी त्यांच्या पेट्या अंगणात आल्या. माधवनगरात कुणाकडेतरी एक पडवी मिळाली होती म्हणे. कारकुनाची बायको मुलीला खांद्यावर घेऊन उभी होती. जाताना मला म्हणाली, "ताई, सुखरूप सुटा." मला लाज वाटली. आणि खोली मिळाली म्हणून आनंदही झाला, खोटं कशाला बोलू.

दुपारी मी तिथं आडवी झाले होते. दार नुसतं लोटलेलं. त्यावर टकटक झाली. आमच्या घरात आम्ही एकमेकांची दारं कधी वाजवत नव्हतो, वाजवायची ती उतारूंची. मी उठून दार उघडलं. आई दुधाचा पेला घेऊन उंबऱ्याबाहेर उभी होती.

"आत येऊ?" तिनं विचारलं.

ये म्हणायच्या ऐवजी मी तिचा हात धरून तिला आत ओढलं.