डाव्या हाताला पडलेल्या शिंपल्या

बाई गेल्याचं कळलं तेव्हा माझे दोन्ही हात गोंदाने बरबटलेले होते. तिसरीच्या वर्गात आम्ही पानांचे मासे करत होतो. फणसाच्या पानाचं अंग, आंब्याच्या पानाची शेपटी, डोळ्याच्या जागी गुंजेची बी. टेबलावर फोन थरथरत होता आणि एका मुलीने तो उचलून माझ्या कानाला लावला. बाईंचा पुतण्या इरफान बोलत होता. फुप्फी सकाळी गेली, म्हणाला. चहा पिऊन पडवीत बसली होती, बसल्या जागीच गेली. दफन आजच दुपारी असरच्या नमाजानंतर, तुम्ही रत्नागिरीहून पोचणार नाही, पण कळवायला हवं म्हणून फोन केला... मी बरं म्हटलं. मुलं माझ्या तोंडाकडे बघत होती. मग एका मुलाने विचारलं की माशाला पंख कुठल्या पानाचे लावायचे, आणि मी खाली बसून त्याच्याबरोबर पानं शोधायला लागले. त्या दिवशी तास पुरा केला. अर्धा सोडला असता तर बाईंनाच आवडलं नसतं.

हमीदाबाईंबरोबर मी सहा-सात वर्षं काम केलं. दापोलीच्या किनाऱ्यावर, बुरोंडीच्या आसपासची एक वाडी. तिथली दोन शिक्षकांची प्राथमिक शाळा. एक शिक्षक बाई, दुसरी मी. मी कोल्हापूरकडची, डी.एड. होऊन नुकतीच नेमणूक मिळालेली. बॅग घेऊन शाळेत पोचले तर दोन्ही वर्ग रिकामे. विहिरीवर पाणी भरणाऱ्या एका बाईने समुद्राकडे बोट दाखवलं. ओहोटी होती. ओल्या वाळूत पोरं पायाच्या अंगठ्याने अक्षरं काढत चालली होती. एकेक अक्षर होडीएवढं. त्यांच्यामधून पदर खोचलेली, उंच, सडसडीत, करड्या केसांची बाई हात मागे बांधून फिरत होती. मी जवळ जाऊन नाव सांगितलं तर म्हणाल्या, "चपला काढ आणि तुझं नाव लिही. एवढी मोठी पाटी तुझ्या कोल्हापुरात नसेल."

मी लिहिलं. मी 'सुनंदा'तला उकार उलटा काढला म्हणून एका पोराने मला हसून दाखवलं, आणि खरंच तो उलटा झाला होता. बाई म्हणाल्या, "राहू दे. भरती येते आहे पुसायला. चूक पुसायचं काम समुद्राकडे दिलं की पोरं लिहायला घाबरत नाहीत."

हे त्यांचं शिकवणं. त्यांना कुणी पद्धत वगैरे म्हटलं तर त्या वैतागायच्या. पण पद्धत होती, आणि पक्की होती. एक दिवस त्या मुलांना घरून कापडाची पुरचुंडी आणायला सांगत. आत काय ते कुणी कुणाला सांगायचं नाही. डोळे मिटून वास घ्यायचा, ओळखायचं, मग तो शब्द फळ्यावर लिहायचा. सुकट, आमसूल, सुंठ, होडीच्या डिझेलची चिंधी, आजोबांची तंबाखू. 'ढ' काढायला महिना लावणारी पोरंसुद्धा त्या दिवशी 'सुंठ' शब्द अनुस्वारासकट लिहायची, कारण वास नाकात असायचा. मला त्या सांगत, प्रश्न विचारलास की लगेच उत्तर मागू नको, मनात एक भाकरी भाज. भाकरी फुगली की मग दुसऱ्याकडे वळ. आणि नुसतं छान म्हणू नको, काय छान ते सांग, नाहीतर त्याला पुन्हा तसं कसं करायचं ते कळत नाही. विचार करणाऱ्या मुलाकडे टक लावून बघायचं नाही, ही त्यांची आणखी एक ताकीद. बघितलंस की तो उत्तर सोडून तुझा चेहरा वाचायला लागतो, म्हणायच्या.

सगळंच साधायचं असं नाही. एकदा पाय मोजायला म्हणून बादलीभर जिवंत कुर्ल्या, म्हणजे खेकडे, वर्गात आणल्या आणि बादली कलंडली. दुपारपर्यंत पोरं बाकांवर चढून होती. बाई कोपऱ्यात पदर तोंडाला लावून हसत होत्या. कागदपत्रांचा मात्र त्यांना मनस्वी कंटाळा. वरून आलेली माहिती भरायची ती मीच. रागीटही होत्या. मुलाला कुणी 'ढ' म्हटलेलं ऐकलं की समोरचा पालक असो की साहेब, तिथल्या तिथे सुनवायच्या.

सोनल दुसरीत आमच्याकडे होती. बाप नामदेव, मासेमारी बोटीचा प्रमुख, तांडेल. महिन्यातले बरेच दिवस पाण्यावरच. घरी आई, आजी आणि पाळण्यातला भाऊ. सोनल हाकेला ओ देत नसे. फळ्याकडे बघत बसायची, मध्येच भलतंच उत्तर द्यायची. आजी शाळेत येऊन सरळ म्हणाली, "ती खुळीच हाय बाय. धा वेळा हाक मारल्याबिगर बघत नाय. कशाला शिकवताव?" नामदेवच्याही मनात तेच होतं. पोरीला घरी ठेवली तर धाकट्याला सांभाळेल, सुकत घातलेल्या मासळीवर लक्ष ठेवेल. दिवाळीनंतर पाठवत नाही म्हणून त्याने निरोप दिला होता.

त्याच वर्षी बाईंनी आवाजांचा खेळ काढला होता. शाळेच्या अंगणात प्रत्येकाने आपल्याभोवती काठीने गोल काढून मधे बसायचं, समुद्राकडे तोंड करून, डोळे मिटून. ओंजळीत शिंपल्या. आवाज ऐकू आला की ज्या बाजूने आला तिकडे एक शिंपली ठेवायची, लांबून आला तर लांब, जवळून आला तर जवळ. उजव्या हाताला विहीर होती, तिच्या रहाटाची करकर. डाव्या हाताला एसटीचा थांबा. मागे पिठाची गिरणी. खेळ झाला की डोळे उघडून प्रत्येकाने आपल्या शिंपल्यांवरून गोष्ट सांगायची. भाषा, दिशा, भूगोल सगळं त्यातच यायचं. पण गावात काही जणांना हे पटेना. पोरांना डोळे मिटून बसवतात आणि आपण गप्पा मारतात, अशी तक्रार विस्तार अधिकाऱ्यांपर्यंत गेली.

बाई मात्र तेव्हा वेगळंच काही बघत होत्या. एका दुपारी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, सोनलच्या शिंपल्या बघ. मी बघितल्या. सगळ्या डाव्या हाताला, ढीग लागल्यासारख्या. रहाट उजवीकडे करकरत होता, पण त्याची शिंपलीही डावीकडेच. मला वाटलं, पोरगी आळशी आहे, हाताशी येईल तिथे ठेवते. दुसऱ्या दिवशी बाईंनी सगळ्याच मुलांना उलटं बसवलं, डोंगराकडे तोंड करून. आता विहीर डाव्या हाताला आली आणि एसटीचा थांबा उजव्या. बाकीच्या मुलांच्या शिंपल्या बरोबर फिरल्या. सोनलच्याही फिरल्या, पण पुन्हा तिच्या डाव्या हातालाच. एसटीसुद्धा आता डावीकडून येत होती...

बाई कितीतरी वेळ तिच्या गोलाबाहेर उकिडव्या बसून होत्या. मग उठून मला म्हणाल्या, "ही पोर एका कानाने जगते आहे, सुनंदा. आणि आपण तिला हाका मारतोय दोन्हीकडून."

तक्रारीसाठी पालकांची सभा बोलावली गेली. विस्तार अधिकारी येणार होते. माझी नोकरी नवी, मला धडकी भरली होती. बाईंनी नामदेवला निरोप धाडला की बोट लागली असेल तर सभेला ये, तुझ्याच पोरीचं काम आहे. तो आला, दाराशी उभा राहिला. साहेब तक्रार वाचून दाखवायला लागले तेव्हा बाईंनी विनंती केली की तक्रार ज्या खेळाची आहे तो आधी आपण सगळ्यांनी खेळून बघू. कुरकुर झाली, पण साहेबच खुर्ची सोडून अंगणात आले म्हटल्यावर बाकीच्यांना यावं लागलं. बापयमाणसं लुंग्या सावरत मातीत बसली, बायका पदर ओढून. बाईंनी सगळ्यांच्या ओंजळीत शिंपल्या दिल्या. सोनललाही त्यांच्यातच बसवलं.

आधी हसू फुटत होतं. मग हळूहळू सगळे शांत झाले. आपल्या गावात एवढे आवाज आहेत हे बहुधा पहिल्यांदाच कुणी ऐकत होतं. डोळे उघडल्यावर जो तो शेजाऱ्याच्या गोलात डोकावायला लागला, तुला कोंबडा कुठून आयकू आला, मला तर इकडून, असा वाद सुरू झाला. तेवढ्यात नामदेवने लेकीच्या गोलाकडे बघितलं. तो दर्यावरचा माणूस. धुक्यात दुसऱ्या बोटीचं इंजिन कुठून येतंय ते कानाने ओळखायची त्याची सवय. त्याला सांगावं लागलं नाही. तो उठला, सोनलच्या उजव्या बाजूला जाऊन बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "सोनू..." ती समोर बघत राहिली. तो उठून डाव्या बाजूला गेला. तिथून त्याच आवाजात हाक मारली. ती वळली आणि बापाला एवढ्या जवळ बघून हसली.

नामदेव तिथेच मातीत बसून राहिला. शेवटी म्हणाला, "आमी तिला खुळी म्हनत व्हतो, बाय."

बाईंचा आवाज त्या दिवशी चढला नाही. त्या म्हणाल्या, "अर्धं ऐकून ती एवढं शिकली, नामदेव. वर्गात तिच्यापेक्षा जास्त मेहनत करणारं दुसरं पोर नाही. तिला घरी बसवू नकोस."

तक्रार वाचायची राहूनच गेली. जाताना साहेबांनी एक शिंपली उचलून खिशात टाकली, ते मी बघितलं.

पुढे नामदेव आणि बाई तिला डॉक्टरकडे घेऊन गेले. लहानपणी कान फुटून वाहिला होता, तो उजवा कान कायमचा गेला, दुसरा ठणठणीत आहे, असं निघालं. औषधाने परत येणारं ते नव्हतं. पण बाई खचल्या नाहीत. त्यांनी सोनलची जागा वर्गाच्या उजव्या भिंतीला नेली, म्हणजे चांगला कान वर्गाकडे. मुलांना त्यांनी काहीही समजावलं नाही, फक्त सोनलला सांगितलं की तुला कसं हवं ते तूच सगळ्यांना सांग. तिने सांगितलं. आठवडा झाला नाही तोवर सगळी पोरं तिच्या डाव्या बाजूने चालायला लागली. लंगडीत बाद झाल्याचं सांगायचं तरी पळत डावीकडे येऊन सांगायची. आणि आजी, जी तिला खुळी म्हणत होती, तिने चुलीपुढचा आपला पाट उचलून नातीच्या डाव्या अंगाला टाकला. हे सोनलच्या आईने मला सांगितलं, तेव्हा तिचे डोळे भरले होते.

नंतर त्याच साहेबांनी बाईंना तालुक्याच्या शिक्षकांपुढे बोलायला बोलावलं. बाई भाषण करायला उभ्या राहिल्या आणि दोन वाक्यांत थांबल्या. म्हणाल्या, मला बोलता येत नाही, तुम्ही खाली बसा आणि डोळे मिटा. शंभरेक शिक्षक सभागृहाच्या फरशीवर डोळे मिटून बसले होते आणि त्यांच्यामधून हमीदाबाई हात मागे बांधून फिरत होत्या. मी मागच्या रांगेतून ते बघत होते. माझी मान त्या दिवशी जेवढी ताठ झाली तेवढी माझ्या स्वतःच्या कौतुकानेही कधी झाली नाही.

दफनाच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी पोचले तेव्हा सोनल तिथे आधीच होती. बीएस्सी झाली आहे, आंब्याच्या कॅनिंगच्या कारखान्यात रस तपासायच्या विभागात आहे, हाताखाली चार माणसं आहेत. तिथल्या यंत्रांच्या गोंगाटात दोन कानांची माणसं ओरडतात, म्हणाली, आणि मी ओठ वाचून आरामात काम करते. नामदेवही आला होता, आता बोटीवर जात नाही. निघताना मला म्हणाला, बायनी एकदा पन आमाला चूक दाखवली नाय, आमची आमाला दिसू दिली.

बाईंनी लग्न केलं नव्हतं. भाऊ कुवेतला होता तेव्हा त्याच्या मुलांना त्यांनीच वाढवलं. इरफानची बायको शबनम मला त्यांची खोली दाखवायला घेऊन गेली. खाट, कपाट, नमाजाची चटई. आणि भिंतीवर आरसा, माझ्या कमरेइतक्या उंचीवर टांगलेला. बाई माझ्यापेक्षा वीतभर उंच. एवढ्या खाली कसा, मी विचारलं. शबनमने सांगितलं की तो पोरांसाठी आहे. निवृत्तीनंतरही वाडीतली पोरं संध्याकाळी यायची, आणि त्यांना 'ळ' म्हणता येत नसे, नारळाला नारल म्हणायची. बाई त्यांना आरशासमोर उभं करून जीभ कुठे जाते ते त्यांचं त्यांना बघायला लावायच्या. स्वतःची वेणी त्या जमिनीवर बसून घालायच्या. घराला रंग काढायचा आहे, इरफान म्हणतो आरसा वर घेऊ, पण मला काही ते बरोबर वाटत नाही, शबनम म्हणाली.

आम्ही बोलत होतो तेवढ्यात शेजारची एक मुलगी आत आली. पाच-सहा वर्षांची, समोरचे दोन दात पडलेले. घरात माणसं का जमली आहेत हे तिला कुणी सांगितलं होतं की नाही, कोण जाणे. तिने आमच्याकडे बघितलंही नाही. सरळ आरशासमोर जाऊन उभी राहिली, तोंड मोठं उघडलं आणि जीभ मागे वळवून बघत हळूहळू म्हणाली, "ना... र... ळ."

मग वळून खाटेकडे बघितलं. खाट रिकामी होती. मी खाली बसले, तिच्या उंचीला आले आणि तिला सांगितलं, जीभ अगदी बरोबर मागे वळली होती, म्हणून 'ळ' स्वच्छ आला. तिने मान हलवली, आणि पुन्हा आरशाकडे तोंड केलं.